शहरात पाणी का तुंबते?

वैशाखातल्या संध्याकाळी, अंगाची लाही होत असताना, पुराविषयी बोलणे काहीसे विक्षिप्तपणाचे वाटण्याचा संभव आहे. पण पुराचा विचार करावयाचा तो याच दिवसांत. ओढे कोरडे असतात, त्यांच्या पात्रात उतरून पाहता येते, आणि कोणी कोठे काय बांधले आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसते. महापालिकांची नालेसफाईही याच सुमारास चाललेली असते. काढलेला गाळ पुष्कळदा काठावरच ढीग करून ठेवलेला आढळतो आणि पहिल्या वळिवाबरोबर तो होता तेथे परत जातो.

आपल्याकडे पाणी तुंबण्याची चर्चा बहुधा एका वाक्यात संपते : "गटारे साफ केली नाहीत." हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. आम्हाला येथे उरलेल्या अर्ध्याचा विचार करावयाचा आहे. समजा, शहरातील एकूण एक गटार घासूनपुसून लख्ख ठेवले, त्यात एक कागदाचा कपटाही पडू दिला नाही, तर पाणी तुंबावयाचे राहील काय? मुळीच नाही. कमी तुंबेल, कमी वेळ तुंबेल, पण तुंबेल. ते का, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागते. पण ते तिसरी-चौथीच्या मुलालाही झेपेल इतके सोपे आहे.

पाऊस आपण इंचांत किंवा मिलिमीटरांत मोजतो. सपाट जमिनीवर पडलेले पाणी न वाहता, न मुरता तसेच साचून राहिले तर त्याची जेवढी उंची होईल तेवढा पाऊस. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे २,३५० लिटर पाणी पडले. दोनशे लिटरची जवळजवळ बारा पिंपे भरतील. हेच पाणी दिवसभर रिमझिमत पडले तर नुसत्या पागोळ्या गळत राहतात. तेच पाव तासात पडले तर गच्चीची पन्हळ तुडुंब भरून कडेने पाणी कोसळू लागते. पाणी तेवढेच, गच्ची तीच, पन्हळही तीच. फरक फक्त वेळेचा. शहराची गटारे म्हणजे शहराची पन्हळ होय. तिला 'आज किती पाऊस झाला' याच्याशी फारसे कर्तव्य नसते. 'तासाला किती' एवढेच ती विचारते. वर्तमानपत्रे मात्र आपल्याला चोवीस तासांचा आकडा देतात, आणि म्हणून पुष्कळदा "एवढ्याशा पावसाने एवढे पाणी कसे?" असा प्रश्न आपल्याला पडतो.

आता एक मोठे उदाहरण घेऊ. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली. पण दक्षिण मुंबईत लोक छत्र्या घेऊन कचेरीतून निघत होते तेव्हा कुर्ल्याला आणि कलिन्याला माणसे माळ्यावर चढून बसली होती. आणखी बारकाईने पाहिले तर २६ तारखेच्या दुपारी अडीच ते साडेसहा या चार तासांतच सांताक्रूझला ४८१ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातला पहिला तास १९० मिलिमीटरांचा होता. म्हणजे साडेसात इंच, एका तासात! त्या पुरात एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. काही बुडून, काही दरडी कोसळून, काही पाण्यात अडकलेल्या मोटारींच्या बंद काचांआड गुदमरून.

मुंबईची पावसाची गटारे त्या वेळी तासाला किती पाऊस वाहून नेऊ शकत होती? २५ मिलिमीटर. तेही ओहोटीच्या वेळी. शिवाय हा हिशेब करताना असे धरलेले होते की, पडलेल्या पाण्यातील निम्मे जमिनीत मुरेल किंवा खळग्यांतून साचून राहील आणि उरलेले निम्मेच गटारात येईल. हा नियम इंग्रजी अमदानीतला. तो ठरविणारे अभियंते अडाणी होते असे मात्र कोणी समजू नये. ज्या काळी घराभोवती परसू होते, वाड्या होत्या, मोकळी मैदाने आणि भातखाचरे होती, त्या काळी निम्मे पाणी मुरेल हे अनुमान ठीकच होते. पुढे परसावर चाळ आली, चाळीच्या अंगणात शहाबादी फरशी आली, खाचरांवर वसाहती आल्या आणि वसाहतींच्या आवारात सिमेंटचा कोबा आला. अनुमानातले निम्मे पाणी मुरावयाचे कोठे?

एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर जमीन घ्या. तिच्यावर तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५० घनमीटर पाणी झाले. निम्मे मुरले; राहिले १२५ घनमीटर. ते तासाभरात वाहून जावयाचे तर सेकंदाला सुमारे ३५ लिटर वाहून नेणारे गटार पाहिजे. आता त्याच हेक्टरवर सगळी फरसबंदी झाली आणि पावसाचा जोर धरला तासाला ५० मिलिमीटर. पाऊस दुप्पट झाला, पण गटारात येणारे पाणी चौपट : सेकंदाला सुमारे १३९ लिटर. आणि २६ जुलैच्या त्या एका तासाचा हिशेब केला तर आकडा निघतो ५२८ लिटर. जुन्या गटाराच्या क्षमतेच्या पंधरापट. गटार पंधरापट मोठे असते तरच ते पाणी वाहून जाते. ते कितीही स्वच्छ ठेवले तरी पंधरापट होत नाही.

मुंबईत १९८५ साली असेच पाणी तुंबले, त्यानंतर तज्ज्ञ नेमून १९९३ साली एक सविस्तर अहवाल तयार करण्यात आला. 'ब्रिमस्टोवॅड' या काहीशा राक्षसी नावाने तो ओळखला जातो. गटारे तासाला ५० मिलिमीटर पावसासाठी बांधावीत आणि मुरण्याचा हिशेब सोडून द्यावा, सगळे पाणी गटारात येणार असेच धरावे, ही त्यातील मुख्य शिफारस. वर काढलेला चौपटीचा आकडा तो हाच. शिफारस योग्य होती. पण बारा वर्षांनी, २००५ साली, कामाचा फारच थोडा भाग झालेला होता. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिने २००६ साली अहवाल दिला, आणि मग कामांना वेग आला. पूर येऊन गेल्यावरच पैसा सापडतो, हा आपल्याकडचाच नव्हे, जगाचा अनुभव आहे.

येथे कोणी विचारील की, गटारे एकदम १९० मिलिमीटरसाठीच का बांधू नयेत? याचे उत्तर जागेत आणि पैशात आहे. इतक्या मोठ्या नळांना जागा द्यावयाची तर रस्त्याखाली दुसरे काही राहणार नाही, आणि वर्षातले बाकीचे दिवस ते रिकामे पडून राहतील. म्हणून प्रत्येक शहर काही प्रमाणात पाणी तुंबू द्यावयाचे असे ठरवूनच गटारे बांधते. हे फारसे कोणी नागरिकांस सांगत नाही. केंद्र सरकारच्या १९९३ च्या मलनि:सारणविषयक पुस्तिकेत गटारांच्या आखणीसाठी निकष दिलेले होते : शहराच्या कडेच्या वस्तीत वर्षातून दोनदा पाणी तुंबले तर चालेल, मध्यवस्तीत वर्षातून एकदा, आणि किमती व्यापारी पेठांत दोन वर्षांतून एकदा. २०१९ साली पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र पुस्तिका निघाली आणि निकष अधिक कडक झाले. परंतु आज जमिनीखाली असलेली बहुतेक गटारे त्याआधीची आहेत. तेव्हा उपनगरात राहणाऱ्या गृहस्थाच्या दारात वर्षातून दोनदा पाणी आले तर तो कोणाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. तसे कागदोपत्री गृहीत धरलेले होते. आमचे म्हणणे असे की, हे गृहीत त्या गृहस्थाला आधी माहीत असावयास हवे होते. जागेच्या किमतीवरून पुराची पाळी ठरावी की नाही, हा प्रश्नही मग त्याला विचारता आला असता.

मुंबईच्या बाबतीत दुसरी अडचण समुद्राची. गटार म्हणजे उतार. पाणी वरून खाली जाते एवढाच त्याचा आधार. मुंबईची १८६ मुखे समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या रेषेखाली आहेत, आणि भरतीतही मोकळी राहतील अशी मुखे अवघी सहा. याचा अर्थ, भरती आली की शहराच्या मोरीला बाहेरून बोळा बसतो. दरवाजे असतील तर ते लावून घ्यावे लागतात आणि आतले पाणी आतच तुंबते. दरवाजे नसतील तर समुद्रच आत येतो. २६ जुलै २००५ रोजी दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी मुंबईत ४.४८ मीटरची भरती होती. पावसाचा सर्वांत जोराचा तास साडेतीनला संपला होता. दोहोंच्या मध्ये अवघी वीस मिनिटे.

यावर उपाय म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणे. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध येथे २००५ नंतर मोठी उदंचन केंद्रे उभी राहिली ती याचसाठी. त्यांचा उपयोग झाला आहे. परंतु पंप आपल्यापर्यंत आलेलेच पाणी उपसतो. पाणी मधल्या गल्लीत अडकले असेल तर तो समुद्रकाठी नुसता उभा राहतो.

मुंबईतील सखल जागा कोणत्या हे कळावयास वेधशाळेची गरज नाही. गावाची नावेच ते सांगतात. सात बेटांच्या मधली उथळ खाजणे बुजवून हे शहर सांधलेले आहे. उमरखाडी ही खरोखरीच खाडी होती. भरतीचे पाणी जेथवर येई आणि उतरून येणारे लोक जेथे पाय धूत ती पायधुणी. धोबी तलाव आणि गोवालिया टँक येथे तळी होती. तळी बुजली, नावे राहिली. खाजण बुजविले म्हणजे पाण्याची तेथे येण्याची सवय बुजत नाही.

आणि मिठी नदी. विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती निघते, मरोळ, अंधेरी, कुर्ला असे सुमारे अठरा किलोमीटर चालून माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत विमानतळाची धावपट्टी लागते. धावपट्टी नदीवर पसरलेली, आणि नदी तिच्याखालून मोरीने, काटकोनात वळणे घेत जाते. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव घातलेला. शेवटी माहीमचा बांध, ज्याने तिचे मुख एकोणिसाव्या शतकातच आवळले आहे. २००५ पूर्वी कित्येक मुंबईकरांना हा नाला नसून नदी आहे हेच ठाऊक नव्हते. त्या ऑगस्टमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि तिला सरकारदरबारी नदीची प्रतिष्ठा मिळाली.

हे सगळे मुंबईचे झाले. पुण्याला समुद्र नाही, भरती नाही. मग आपण कशाला चिंता करावी, असे वाटणे साहजिक आहे. पुणेकराच्या मनात पूर म्हटला की १२ जुलै १९६१ ची सकाळ येते. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो पूर इतका मोठा होता की त्याने पुराविषयीची आपली कल्पनाच घडविली : पूर म्हणजे धरण, पूर म्हणजे नदी. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जो पूर आला त्यात धरणाचा काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरावर आणि शहराच्या दक्षिण भागात काही तास धुवाधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा उठला. सहकारनगर, अरण्येश्वर, दत्तवाडी या भागांत घरांत पाणी शिरले, भिंती पडल्या, उभ्या मोटारी वाहत येऊन एकमेकींवर चढल्या. पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या कित्येकांनी त्या ओढ्याला कधी गुडघाभर पाणीही पाहिले नसेल.

हा ओढा पुण्याचा फार जुना शेजारी. पूर्वी तो गावठाणाजवळून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याला पर्वतीच्या बाजूने वळविण्यात आले, आणि त्याच काळात कात्रजला तलाव बांधून नळाने शहरात पाणी आणले गेले. म्हणजे ओढ्याला हलविणे हा आपलाच शोध आहे असे नव्हे. फरक इतकाच की, पेशव्यांनी ओढा हलविताना त्याला दुसरी वाट काढून दिली होती. अलीकडे आपण त्याची वाटच अरुंद करीत आलो.

डोंगरउताराला गवत, झुडपे आणि माती असते तेव्हा पडलेला पाऊस पानांवर थबकतो, मातीत शिरतो, खळग्यांत साचतो आणि थोडा थोडा करून ओढ्याला येतो. डोंगराच्या वरच्या अंगाचे पाणी पोचेपर्यंत खालचे पाणी वाहून गेलेले असते. ओढा हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. त्याच उतारावर इमारती, रस्ते आणि सिमेंटच्या पन्हळी झाल्या की दोन गोष्टी एकदम घडतात : पाणी जास्त येते, आणि सगळीकडचे पाणी एकाच वेळी येते. पूर्वी चार तासांत येणारे पाणी आता तासात येते. लग्नाच्या जेवणाला पाहुणे पंगतीपंगतीने आले तर शंभरांचा मांडव हजारांना पुरतो. सगळे एकदम आले तर दारातच चेंगराचेंगरी होते. ओढ्याच्या पुलाखाली नेमके हेच होते. आणि पूल किंवा मोरी तुंबली की मागचे पाणी आडवे पसरते. ज्यांची घरे ओढ्यापासून दोन गल्ल्या दूर आहेत तेही मग पाण्यात येतात आणि आश्चर्य करतात.

पुण्याला समुद्र नाही असे आम्ही वर म्हटले, ते पूर्णांशाने खरे नाही. पुण्याचा समुद्र म्हणजे मुठा. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू असतो तेव्हा नदीची पातळी ओढ्यांच्या आणि गटारांच्या मुखांवर येते. मग शहरात पडलेल्या पावसाला नदीत शिरता येत नाही. किंबहुना नदीच उलटी गटारातून वर येते. मुंबईची भरती सहा तासांत ओसरते. आपली भरती धरणाच्या दरवाजांवर आणि घाटमाथ्यावरच्या पावसावर अवलंबून असते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना होड्यांतून काढावे लागले, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग आणि शहरातला पाऊस ही दोन्ही संकटे एकाच पहाटे आलेली होती.

नदीच्या बाबतीत आपल्या राज्यात पूररेषा आखण्याची पद्धत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या शब्दांनी फार घोटाळा केलेला आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकल्यावर माणसाला वाटते की, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी पाहू. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक आहे. फाशाला मागच्या दानाची आठवण नसते. एकदा सहा पडले म्हणून पुढच्या खेपेला सहा पडण्याचा संभव कमी होत नाही. तीस वर्षांचे कर्ज काढून कोणी लाल रेषेला लागून घर घेतले तर कर्ज फिटण्याच्या आत एकदा तरी तो पूर पाहण्याचा संभव शंभरात सव्वीस आहे. निळ्या रेषेवर तोच संभव शंभरात सत्तरच्या वर जातो. सत्तर टक्के खात्रीचा पाऊस असेल तर आपण छत्री घेतल्यावाचून घराबाहेर पडत नाही.

शिवाय या रेषा मागच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, आणि पाऊस मागच्यासारखाच राहील असे त्यात धरलेले असते. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस एकंदरीत वाढला असे नव्हे. तो थोड्या वेळात, गठ्ठ्याने पडू लागला. गटारांना नेमके तेच नको असते.

मग करावयाचे काय? आतापर्यंतचा सगळा विचार पाणी लवकर घालवावयाचा होता. तो आता अपुरा पडतो, कारण एकाने पाणी लवकर घालविले की ते खालच्याच्या दारात लवकर पोचते. गेल्या काही वर्षांत जगभर जे संशोधन झाले त्याचा रोख पाणी काही वेळ थांबवून धरण्याकडे आहे. मुंबईत दादर-परळच्या हिंदमाता भागात प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेविअर मैदान यांच्या खाली २०२१ साली मोठ्या टाक्या बांधल्या, त्या याच कल्पनेवर. भरतीच्या वेळी पाणी टाकीत घ्यावयाचे आणि ओहोटी लागली की सोडावयाचे. वर मुले खेळतात, खाली पाणी वाट पाहते. हिंदमाता म्हणजे पाणी तुंबण्याचे माहेरघर. ते तेथून संपूर्ण नाहीसे झाले असे नाही, पण पूर्वीसारखे तासन्‌तास राहत नाही.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरावर २ जुलै २०११ रोजी दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या लोकांनी दुसऱ्याच वर्षी योजना तयार केली, आणि तिच्यात प्रामाणिकपणे असे मान्य केले की, एवढे पाणी नळांत मावणार नाही. तेव्हा कोणत्या रस्त्याने ते वाहू द्यावयाचे आणि कोणत्या बागेत साचू द्यावयाचे हे त्यांनी आधीच ठरविले. एंगहावे नावाची त्यांची एक जुनी बाग खोल करून तिच्यात २२,६०० घनमीटर पाणी मावेल अशी सोय केली आहे. म्हणजे नव्वद हेक्टर वस्तीवर पडलेला एक इंच पाऊस. गटार भरल्यानंतर रस्ता हाच नाला होतो, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात घडते; त्यांनी ते नकाशावर मांडले एवढेच. आपण मात्र रस्त्यावर डांबराचे थर चढवीत जातो. जुना थर न खरवडता नवा घातला, की रस्ता चार बोटे उंच होतो. पेठांतून असे कित्येक वाडे आहेत की ज्यांचा उंबरा चढून जावयाचा होता तो आता उतरून जावयाचा झाला आहे. पाण्याला ती पायरी आपल्या आधी कळते.

जमिनीत पाणी मुरविण्याचा उपायही पुष्कळ सांगितला जातो. चीनने अनेक शहरे स्पंजासारखी पाणी शोषून घेतील अशी करण्याचा मोठा उपक्रम दहा-बारा वर्षांपूर्वी हाती घेतला. झेंगझोऊ हे त्यांतलेच एक. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला, भुयारी रेल्वेत पाणी शिरले आणि तेथेच चौदा प्रवासी मरण पावले. यावरून स्पंज व्यर्थ ठरला असे काहींनी म्हटले. ते आम्हाला मान्य नाही. नेहमीच्या पावसाला स्पंज उपयोगी पडतो, आणि वर्षातला बहुतेक पाऊस नेहमीचाच असतो. परंतु त्याच्या भरवशावर पाण्याची मोठी वाट बंद करता येत नाही. पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या पायांखाली काळा पाषाण आहे. जेथे मुरूम आहे, पाषाणाला भेगा आहेत, तेथे शोषखड्डा चांगले काम देतो; जेथे चार फुटांवर अखंड खडक आहे तेथे तो दहा मिनिटांत भरतो आणि नुसते डबके होते. अशा ठिकाणी गच्चीचे पाणी टाकीत धरून पाऊस थांबल्यावर सोडणे अधिक शहाणपणाचे. सरसकट सर्वांना एकच नमुना लावणारे परिपत्रक ही भेद न पाहणारी वस्तू आहे.

इशाऱ्याच्या बाबतीत मात्र खरी प्रगती झालेली दिसते. २००५ साली मुंबईचे अधिकारी दोन वेधशाळांच्या भरवशावर होते, आणि त्यांपैकी कुलाब्याची नोंद काही विशेष घडले नसल्याचे सांगत होती. पुढच्याच वर्षी पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्राध्यापक कपिल गुप्ता यांच्या मार्गदर्शनाने महापालिकेने शहरभर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. दर पंधरा मिनिटांनी कोणत्या भागात किती पाऊस झाला ते त्यांवरून कळू लागले. १२ जून २०२० रोजी मुंबईसाठी पूर्वसूचनेची 'आयफ्लोज' ही यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीची उंची आणि गटारांची क्षमता यांचा मेळ घालून कोणत्या विभागात किती पाणी चढेल याचा अंदाज ती आधी देते. ओढ्याच्या पुरात माणसाला फार थोडा अवधी मिळतो. सामान वाचविण्यास तो पुरत नाही. म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर नेण्यास पुरतो. म्हणून डोंगरावर पडणाऱ्या पावसाची बातमी खालच्या वस्तीला पाण्याच्या आधी मिळाली पाहिजे, आणि ती मिळण्यासाठी पर्जन्यमापक डोंगरावर असावयास हवे. शहराच्या मध्यभागी बसून डोंगरावरचा पाऊस मोजता येत नाही.

ज्यांस आमचे म्हणणे पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, कात्रजच्या तळ्यापासून निघून आंबिल ओढ्याच्या काठाने दांडेकर पुलावरून दत्तवाडीपर्यंत, म्हणजे तो मुठेला मिळतो तेथपर्यंत, चालत जावे. ओढा जसजसा खाली येतो तसतसे त्याला दोन्ही बाजूंनी पाणी मिळत जाते. तेव्हा त्याचे पात्रही रुंद होत जावयास पाहिजे. बरोबर एक वही घ्यावी आणि दर अर्ध्या मैलावर पात्र पावलांनी मोजून आकडा मांडावा. आकडे कोठे वाढतात, कोठे घटतात, आणि घटतात त्या जागी काठावर काय उभे आहे, हे शेजारी लिहावे. काही ठिकाणी काठाने जाता येणार नाही, गल्लीतून वळसा घालून पुढे निघावे लागेल. त्या जागांवर खूण करून ठेवावी.